खेळ, प्लँचेट आणि आपली मुलं: पालक आणि तरुण वारंवार विचारतात ते प्रश्न

कोल्हापुरात आमच्या मंडळीच्या संडेस्कूलमध्ये मी गेली २१ वर्षं शिकवते. उपासना सुटली की पायरीवर चपला शोधता शोधता कुणीतरी हळूच बाजूला घेतं आणि म्हणतं, "ताई, जरा बोलायचं होतं." हल्ली या बोलण्यात एक विषय सारखा येतो. पोरं मोबाइलवर आणि हॉस्टेलवर काय काय खेळतात, त्यात भुताखेताचं, जादूटोण्याचं काही आहे का, आणि आपण ख्रिस्ती माणसांनी त्याकडे कसं बघायचं? तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

ख्रिस्ती मुलांनी खेळात वेळ घालवावा का? आमच्या सासूबाईंना ते अजिबात पटत नाही.

घालवावा. यरुशलेम पुन्हा वसेल तेव्हा कसं दिसेल हे जखऱ्या संदेष्ट्यानं सांगितलंय (८:५). नगराचे रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून गेलेले असतील, असं त्यात आहे. उजाड झालेल्या नगरावर देवाची कृपा परत आली, याची खूण म्हणून त्यानं खेळणारी पोरं दाखवली. सासूबाईंना हे वचन वाचून दाखवा, शेजारी बसून, प्रेमानं.

गूढविद्या, चेटूक, जादूटोणा म्हणजे नेमकं काय? कुठून पुढे ते पाप होतं?

या एका प्रश्नाचं उत्तर पक्कं झालं की बाकीचे प्रश्न निम्मे सुटतात, म्हणून इथं जरा थांबते.

अनुवाद १८:१०-१२ मध्ये यादीच आहे. शकुन बघणं, चेटूक करणं, मंत्र घालणं, भुतांना विचारणं, मेलेल्यांचा सल्ला घेणं. आपल्याकडच्या बोलीत सांगायचं तर करणी, मूठ मारणं, भानामती, वशीकरण, अंगात आणून प्रश्न विचारणं. त्याच यादीच्या तोंडाशी पोटच्या लेकरांना अग्नीत होम करणाऱ्यांचा उल्लेख आहे, हे बरेच जण वाचताना सोडून देतात. भविष्य कळावं, संकट टळावं म्हणून माणूस कुठवर जाऊ शकतो ते देवानं बघितलं होतं.

पण यादी संपल्यावर लगेच, १५व्या वचनात, मोशे म्हणतो की देव तुमच्यासाठी एक संदेष्टा उभा करील, त्याचं ऐका. म्हणजे सगळा मुद्दा कान कुणाकडे लावायचा याचा आहे. यशयाही तेच विचारतो (८:१९): जिवंतांसाठी मेलेल्यांना का विचारता, लोकांनी आपल्या देवाला विचारू नये काय?

शौल राजाची गोष्ट आठवा (१ शमुवेल २८). पलिष्ट्यांची फौज समोर, शमुवेल संदेष्टा मेलेला, देव उत्तर देत नाही. मग हा राजा कपडे बदलून रात्री एन-दोर गावच्या, मेलेल्यांना बोलावणाऱ्या बाईकडे जातो. ज्या लोकांना त्यानंच देशातून हाकललं होतं, त्यांच्यातल्याच एकीच्या दारात. उत्तर मिळालं आणि तो जमिनीवर आडवा पडला, अंगात त्राण राहिलं नाही. दिवसभर, रात्रभर पोटात अन्न नव्हतं. शेवटी त्या बाईनंच वासरू कापून, भाकरी करून त्याला जेवू घातलं. हा अध्याय मी मुलांना शिकवते तेव्हा ते जेवण सोडत नाही. पाप करणारा माणूस किती घाबरलेला आणि उपाशी असतो, ते तिथं दिसतं.

म्हणून मी मुलांना एक साधी खूण दिली आहे. खेळात आपण एकमेकांशी खेळतो. ज्या घडीला आपण न दिसणाऱ्याला प्रश्न विचारतो आणि त्याच्या उत्तराची वाट बघतो, त्या घडीला खेळ संपला. मग हातात वाटी असो, पत्ते असोत की मोबाइल.

प्लँचेट तर नुसता खेळ आहे ना? परदेशात त्याचा बोर्ड खेळण्यांच्या दुकानात मिळतो म्हणे.

मिळतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. प्लँचेट म्हणजे अक्षरांच्या बोर्डावर सरकत्या वस्तूवर बोटं ठेवून मेलेल्यांना प्रश्न विचारणं. १८४८ मध्ये अमेरिकेत फॉक्स नावाच्या बहिणींनी मेलेल्यांशी टकटक आवाजातून बोलतो असा दावा केला आणि मृतात्म्यांना बोलावण्याच्या बैठकांची लाट आली. त्याच लाटेवर १८९१ मध्ये एलायजा बाँड नावाच्या वकिलाच्या नावे 'उइजा' बोर्डाचं पेटंट निघालं, आणि बाल्टिमोरची एक कंपनी तो घरगुती करमणूक म्हणून विकू लागली. १९६६ पासून तो मुलांचे खेळ बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे आहे. खोक्यावर 'खेळ' असं लिहिलंय म्हणून आतली कृती बदलत नाही. बोर्डावर 'हो', 'नाही', 'निरोप' छापलेलं असतं. खेळणारा कुणाला तरी बोलावतो, विचारतो आणि निरोप देतो.

आपल्याकडे तो बोर्ड लागतही नाही. चार्ट पेपर, स्केचपेनची अक्षरं, मधे स्टीलची वाटी किंवा नाणं, एक उदबत्ती, खोलीतला लाइट बंद. महाराष्ट्रातल्या कुठल्याही हॉस्टेलवर विचारा, मागच्या बॅचनं केलेलं असतं.

माझं उत्तर स्पष्ट आहे. ख्रिस्ती मुलानं प्लँचेटला बसू नये. गंमत म्हणून नको, मैत्रिणी आग्रह करतात म्हणून नको, "मी नुसती बघते" म्हणूनही नको.

पण ती वाटी खरंच सरकते. मी स्वतः बघितलंय. कोण सरकवतं?

बहुतेक वेळा तुमचीच बोटं.

१८५३ मध्ये इंग्लंडात 'टेबल फिरवण्याचं' फॅड होतं. लोक टेबलावर हात ठेवून बसत आणि टेबल हलायचं. मायकेल फॅरेडे या थोर शास्त्रज्ञानं हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे सरकते थर ठेवून तपासलं. आधी हात सरकत होते, मग टेबल. बसलेले लोक लबाड नव्हते, आपणच ढकलतोय हे त्यांना खरोखर कळत नव्हतं. मनात उत्तराची अपेक्षा असली की स्नायू नकळत तिकडे झुकतात. फॅरेडे आयुष्यभर आपल्या मंडळीत नेमानं जाणारा, तिथं वडीलजन म्हणून सेवा केलेला श्रद्धाळू ख्रिस्ती होता, हे मी मुद्दाम सांगते. श्रद्धा आहे म्हणून प्रत्येक टकटकीत भूत दिसायला हवं असं काही नाही. फॉक्स बहिणींपैकी मार्गारेटनं १८८८ मध्ये लोकांसमोर कबूल केलं की ते आवाज पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढले होते. पुढच्या वर्षी तिनं शब्द फिरवला, पण सांधे कसे वाजतात ते लोकांनी ऐकलं होतं.

यावर कॉलेजची मुलं म्हणतात, "मग हरकत काय? भूत नाही तर पाप कसलं?"

हरकत दोन जागी आहे. एक, देवानं मनाई केली ती विचारण्याला. समोरून उत्तर आलं की नाही यावर ती मनाई अवलंबून नाही. नवरा घरी असताना बायकोनं दुसऱ्याला चोरून चिठ्ठी लिहिली आणि ती पोस्टात हरवली, म्हणून काही झालंच नाही असं कुणी म्हणणार नाही. दुसरी हरकत अशी की पवित्र शास्त्र दुष्ट आत्म्यांना कल्पना मानत नाही. फिलिप्पै नगरात एक दासी होती. तिच्यात दैवप्रश्न सांगणारा आत्मा होता आणि तिच्या मालकांना त्यातून भरपूर मिळकत व्हायची (प्रेषितांची कृत्ये १६). दहांपैकी नऊ वेळा ती बोटं असतील, पण म्हणून दहाव्या वेळी कोण आहे हे बघायला लेकराला अंधारात बसवायचं नाही. आणि ती नऊ वेळची बोटंसुद्धा किती नुकसान करतात, ते पुढच्या उत्तरात आहे.

माझ्या मुलीनं हॉस्टेलवर प्लँचेट केलं. आता ती घाबरलीय, झोपत नाही. काय करू?

आधी ओरडू नका. ती तुम्हाला सांगायला आली, म्हणजे निम्मी वाट ती चालून आली आहे.

काही वर्षांपूर्वी बारावीच्या परीक्षेआधी अशीच एक मुलगी माझ्या घरी आली. चौघींनी मिळून प्लँचेट केलं होतं, पाच रुपयांच्या नाण्यावर. हिनं वारलेल्या आजीला बोलावलं आणि विचारलं, पास होईन का? नाणं 'नाही'वर गेलं. मग दुसरीनं भलतंच विचारलं, हिच्या घरी आता कोण जाणार? नाणं 'प'वर थांबलं. पप्पा. त्या दिवसापासून ही दिवसातून सहा-सात वेळा घरी फोन करायची, पप्पांनी उचलला की काही न बोलता ठेवायची. लाइट लावून झोपायची. अभ्यास थांबला होता.

सगळं सांगून झाल्यावर तिनं ओढणीची गाठ सोडली. आत रुमालात गुंडाळलेलं ते नाणं होतं. फेकायची भीती, खर्च करायची भीती, कुणाला दिलं तर त्याच्या मागं लागेल ही भीती. अकरा दिवस ते ती अंगावर बाळगत होती.

आम्ही प्रार्थना केली, अगदी साधी. तिनं स्वतःच्या शब्दांत देवाला सांगितलं की मी तुला सोडून दुसऱ्याला विचारलं, मला क्षमा कर. मी ९१वं स्तोत्र वाचलं. मग तिला घेऊन रंकाळ्यावर गेले. चौपाटीवर एका मावशीकडून भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि पैसे द्यायच्या वेळी म्हटलं, ते नाणं काढ. तिचा हात थरथरत होता. पौलानं करिंथकरांना लिहिलंय की बाजारात विकतात ते सगळं खा, विचारपूस करत बसू नका, कारण पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं प्रभूचं आहे (१ करिंथ १०:२५-२६). ते नाणंही प्रभूचंच होतं. मावशींनी ते डब्यात टाकलं, इतर नाण्यांत मिसळून गेलं. शेंगा गरम होत्या. तिनं सगळ्या संपवल्या. पप्पा तिचे आजही शेती बघतात.

तेव्हा, आई म्हणून तुम्ही एवढं करा. काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते तिच्याकडून पूर्ण ऐकून घ्या, कारण मनात अडकलेलं असतं ते उत्तर. आजी, मेलेली मैत्रीण, कुणाचं दुःख तिथं दडलंय का ते बघा. पुष्कळदा मूल भुताला बोलवत नसतं, त्याला आजीची आठवण येत असते. तिच्यासोबत प्रार्थना करा, काही रात्री तिच्या खोलीत झोपा, जेवण-झोप वेळेवर ठेवा. दोन आठवड्यांत झोप परत आली नाही, आवाज ऐकू येतात असं ती म्हणू लागली किंवा जगण्यावरच मन नाही असं बोलली, तर थांबू नका, मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ वर रात्रंदिवस चालू असते. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही. मिशनऱ्यांनी मिरजेला आणि कोल्हापुरात दवाखाने उभे केले ते उगाच नाही.

नातेवाईक म्हणतात, एक जण 'उतरवून' देतो, त्याच्याकडे न्या. न्यावं का?

नेऊ नका. तो देवऋषी म्हणवत असो, भगत म्हणवत असो, की गळ्यात क्रूस घालून 'सुटकेची सेवा' करतो म्हणत असो.

हे शेवटचं लिहिताना मला त्रास होतो, पण लिहिलं पाहिजे. एका प्रार्थनासभेत मी स्वतः बघितलंय. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तिघांनी धरून ठेवलं होतं, एक जण कानाशी ओरडत होता आणि मुलगा आईकडे बघून रडत होता. नंतर आईकडून पाकीट घेतलं. येशूनं कुणाला मारलं नाही, बांधलं नाही, फी घेतली नाही. तो शब्द बोलायचा. याईराच्या मेलेल्या मुलीला उठवल्यावर तर त्यानं आधी तिला काहीतरी खायला द्या म्हणून सांगितलं.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर आधी वटहुकूम, मग कायदा आला. दीड वर्षानं आपल्या कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते विवेकवादी, मी प्रार्थना करणारी बाई, आमच्या वाटा वेगळ्या. तरी या कायद्यासाठी मी देवाचे आभार मानते. कितीतरी लेकरांच्या पाठीवरचे वळ त्यानं वाचवले असतील.

मुलगा मित्रांबरोबर ड्रॅगन, जादूगार, राक्षस असलेला फाशांचा खेळ खेळतो. त्याच्या वहीत मंत्रांची नावं आहेत. मी हादरले आहे.

तो बहुधा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' असणार. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी अमेरिकेत तो काढला. १९८०च्या दशकात तिकडच्या मंडळ्यांत त्याची मोठी धास्ती पसरली, पत्रकं निघाली, मुलगा गमावलेल्या एका आईनं तर त्याविरुद्ध संघटना काढली. धास्ती इतकी होती की १९८९ च्या आवृत्तीत कंपनीनं 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्दच काढून वेगळी नावं घातली. त्या काळातलं ऐकीव अजून फिरत असतं, आता मोबाइलवर.

ऐकीवावर निकाल द्यायचा नाही म्हणून मी जाऊन बसले. राजारामपुरीतल्या एका मुलाच्या खोलीवर, संध्याकाळी सहा ते नऊ. पाच पोरं, मधे भडंगाचं ताट, खोडून खोडून काळे पडलेले कागद, वीस बाजूंचा एक निळा फासा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन बोलतात. कोण हल्ला करतो, कोण पुलावरून उडी मारतो, आणि ते जमलं का हे फासा ठरवतो. 'मंत्र' म्हणजे त्या कागदावरची एक ओळ. हा टाकला की समोरच्याचे इतके गुण कमी. कुणी काही पुटपुटत नाही, कुणाला बोलवत नाही. तरुण संघात तोंड न उघडणारा आमचा एक मुलगा त्या रात्री म्हातारा व्यापारी होऊन पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होता. त्याचा आवाज इतका मोकळा मी आधी ऐकला नव्हता.

हे सोंग आहे. नाटकात रावणाचं काम करणारा नट घरी जाऊन वरणभात खातो. नाताळच्या नाटकात आपण दरवर्षी कुणाला तरी दुष्ट राजा हेरोद करतोच, आणि चांगला हेरोद झाला तर टाळ्या वाजवतो.

तरी मुलाला तीन गोष्टी विचारा. गोष्टीत वाईटाला वाईट म्हणतात का, की क्रूरपणाचीच मजा घेतात? तुझं पात्र जे करतं त्यातलं काही तुला खऱ्या आयुष्यात करावंसं वाटू लागलंय का? आणि तिथं कुणी गंमत म्हणून खरं बोलावणं, खरे पत्ते वाचणं असलं काही आणतं का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर त्या गटातून उठून यायचं, आणि फासा तिथंच सोडून. पहिल्या दोनांवर आणखी बोलत राहा. एखाद्या मुलाचं मन हळवं असतं, त्याला राक्षसांची वर्णनं रात्री छळतात. त्यानं खेळू नये. रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायाप्रमाणे, ज्याला चालतं त्यानं त्याला हिणवू नये आणि ज्याला चालत नाही त्यानं दुसऱ्याला दोषी ठरवू नये.

पोकेमॉन? त्याबद्दल आमच्याकडे एकदा प्रवचनच झालं होतं.

१९९६ चा जपानी खेळ, चित्रातले प्राणी पकडायचे आणि झुंजवायचे. २०१६ मध्ये त्याच्या मोबाइल खेळापायी लोक मान खाली घालून रस्त्यातून फिरत होते, त्याची मला जास्त काळजी वाटली, गाडीखाली येण्याची. बाकी खेळू द्या.

मोबाइलवरचे भुताचे, हॉरर खेळ?

इथं मी वयावर आणि झोपेवर जाते. दहा वर्षांच्या मुलाला अंधाऱ्या वाड्यात पाठलाग करणारी बाई रोज रात्री दाखवायची आणि मग "प्रार्थना करून झोप" म्हणायचं, हे बरोबर नाही. फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:८ (जे खरं, जे शुद्ध, त्याचं मनन करा) भिंतीवर लावण्यापेक्षा मुलाच्या मोबाइलवर काय आहे ते त्याच्या शेजारी बसून बघणं जास्त उपयोगाचं.

टॅरोचे पत्ते वाईट आहेत का? मैत्रीण 'एनर्जी बघते' म्हणते, पैसेही घेत नाही.

टॅरोचा इतिहास या सगळ्या विषयावर चांगला प्रकाश टाकतो. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले, साध्या पत्त्यांच्या डावासाठी. हुकूम करायचा, हात उचलायचे. तीनशेहून अधिक वर्षं लोक त्यांनी खेळले. मग १७८१ मध्ये कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच लेखकानं हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान असल्याचं छापलं, काही पुरावा नसताना. लगोलग त्यावर भविष्य बघणं सुरू झालं. आज फ्रान्समध्ये त्याच पत्त्यांनी लोक जेवणानंतर डाव मांडतात आणि आपल्याकडे रील्सवर त्याच चित्रांनी मुलींना सांगतात की तो परत येईल.

पत्ता तोच, कागद तोच. डाव मांडला तर करमणूक, "माझं काय होणार" म्हणून मांडला तर एन-दोरचं दार. मैत्रीण पैसे घेत नाही म्हणून ते दार बदलत नाही. राशिभविष्याचं ॲप आणि 'आज देवदूतांचा आकडा ११११ दिसला' असल्या मेसेजनाही हेच लागू. मैत्रिणीला मात्र तोडू नका. तिला नाही म्हणा आणि चहा प्या तिच्याबरोबर.

मग सापशिडी, लुडो, पत्ते? फासे टाकणं म्हणजे कौल लावणंच की.

प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाची निवड केली, पण तीही देवाला विचारून, प्रार्थना करून. लुडोत तुम्ही फाशाला आयुष्याबद्दल काही विचारत नाही, सोंगटी किती घरं पुढे न्यायची एवढंच विचारता. सापशिडी तर आपल्याच मातीतली. जुन्या मोक्षपटावर शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असायचे, परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. मला तो पट आवडतो.

फाशातला खरा धोका दुसरीकडे आहे, आणि त्याबद्दल कुणी मला पायरीवर थांबवून विचारत नाही. पैशाचा खेळ. क्रूसाखाली बसून शिपायांनी प्रभूच्या वस्त्रावर चिठ्ठ्या टाकल्या. वर एक जीव जात होता आणि यांचं लक्ष कापडावर. माझ्या सख्ख्या भाच्यानं ऑनलाइन रमीत बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे घालवले. पहिल्या आठवड्यात तो आठशे रुपये जिंकला होता, तेव्हा घरात पेढे आणले. नंतर मोबाइल उशाखाली, जेवताना ताटाशेजारी, उपासनेत बायबलच्या आत. त्याच्या घरात एकही ड्रॅगन नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, चांगलं केलं. पण कायदा यायच्या आधीच त्या घराचं जे जायचं ते गेलं. मुलाच्या खेळात पैसे लागतात का, हा प्रश्न राक्षसाच्या चित्राआधी विचारा.

शेजारी दारावर लिंबू-मिरची बांधतात, दृष्ट काढतात. आमची मुलं त्यांना हसतात.

हसू देऊ नका. याच शेजाऱ्यांनी तुमच्या घरी मयत झाली तेव्हा पिठलं-भाकरी पाठवलेली असते. आपल्याला काय पटत नाही ते विचारलं तर सांगावं, खालच्या आवाजात.

आणि जरा आपल्या घरातही बघावं. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथं सुवार्ता आहे. काही घरांत पाचवी-सहावी पिढी ख्रिस्ती आहे. तरी करणीची भीती गेलेली नाही. तान्ह्या बाळाच्या उशाला पवित्र शास्त्र ठेवतात, वाचत कुणी नाही. गाडीच्या आरशाला क्रूस, अपघात होऊ नये म्हणून. प्रार्थनेच्या तेलाची बाटली कपाटात जपून, ताईत जपावा तशी. हाही कौल लावण्यातलाच प्रकार आहे, फक्त वस्तू आपली. भूत ड्रॅगनच्या फाशात शिरेल या भीतीनं फासा जाळणारी आई आणि लिंबू ओलांडायला घाबरणारी आई, दोघींची भीती एकच आहे. ख्रिस्तानं सत्तांना आणि अधिकारांना क्रूसावर उघडं पाडलं (कलस्सै २:१५) हे आपण दर शुभ शुक्रवारी ऐकतो. ते खरं असेल तर लिंबाला वळसा घालायची गरज नाही.

घरात असले खेळ सापडले तर जाळावेत का? इफिससमध्ये जाळले होते.

प्रेषितांची कृत्ये १९:१९ पुन्हा वाचा. ज्यांनी जादू केली होती त्यांनी *आपापली* पुस्तकं आणून जाळली, पन्नास हजार रौप्य नाण्यांच्या किमतीची. पौलानं कुणाच्या घरात शिरून काही ओढून काढलं नाही. प्लँचेटचा चार्ट, टॅरोचं पुस्तक, ताईत मुलानं स्वतः आणून दिला तर त्याच्यासोबत बसून टाकून द्या. तुम्ही त्याच्या पाठीमागं जाळलंत तर तो पुढच्या वेळी लपवायला शिकेल.

ताई, मी पेन्सिलवालं केलं. आता येशू माझं ऐकणार नाही का?

हा प्रश्न दहा वर्षांच्या एका मुलाचा. २०१५ पासून शाळांमधून 'चार्ली चार्ली' म्हणून एक प्रकार फिरतोय. एका पेन्सिलीवर दुसरी आडवी ठेवायची, बाजूला हो-नाही लिहायचं आणि चार्लीला विचारायचं. पेन्सिल हलली, वर्ग किंचाळत बाहेर पळाला. हा चार दिवस जेवला नव्हता नीट.

मी त्याला सांगितलं की येशू ऐकतो, तू आत्ता बोललास तेही त्यानं ऐकलं. तू चुकलास, पुन्हा करायचं नाही, आणि ते तू त्याला सांग. त्यानं डोळे मिटून सांगितलं, फार हळू, मला अर्धंच ऐकू आलं. मग त्याच दोन पेन्सिली मी टेबलावर तशाच ठेवल्या. कुणाला हाक मारली नाही, काही विचारलं नाही. पंखा चालू होता. वरची पेन्सिल लगेच वळली. पंखा बंद केला, दोघांनी श्वास धरला. पेन्सिल जागची हलली नाही. तो बराच वेळ बघत राहिला.

मग त्यानं विचारलं, या पेन्सिली घरी नेऊ का, उद्या चित्रकलेचा पेपर आहे. मी म्हटलं, ने, आणि शार्पनरही दिला.